दवाखान्यातलं विलायती गाव

मी लग्न होऊन भालकीत आले तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टरसाहेब मुसलमान, वय पंचावन्नच्या आसपास, सरकारी नोकरी सोडून राहत्या घरातच दवाखाना घातलेले. तरुणपणी निजाम सरकारच्या वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, ते ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला, दोन वर्षं डोळ्यांचं शिकून आले होते. आमच्या लोकांच्या तोंडात व्हिएन्ना हा शब्द बसत नसे. ते नुसतं ‘इलायत’ म्हणत. तिथून डॉक्टरसाहेब हलका हात घेऊन आले असं म्हणत, आणि एक चित्र.

ते चित्र तपासणीच्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. तैलचित्र, दोन हात रुंद, सोनेरी चौकटीचं. त्यात एक गाव होतं, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. मधून नदी, नदीवर तीन कमानींचा दगडी पूल. उतरत्या छपरांची घरं एकमेकांना खेटून उभी. घरांच्या मधोमध चर्चचा मनोरा आणि त्याच्या डोक्यावर कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट. गावामागं टेकडी, टेकडीमागं बर्फाचे डोंगर. पुलावर एक माणूस हातगाडी ढकलत निघालेला, त्याच्या मागं कुत्रं. काठावर तीन बायका कपडे धूत बसलेल्या. वेळ सकाळची असावी, कारण सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता.

डॉक्टरसाहेब तिकडं ज्या म्हातारीच्या घरी भाड्यानं राहत, तिच्या वडिलांनी शंभरेक वर्षांपूर्वी आपलं जन्मगाव असं रंगवून ठेवलं होतं. त्या बाईचे दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धातून परत आले नाहीत. डॉक्टरसाहेब निघाले तेव्हा तिनं ते चित्र भिंतीवरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

आमच्या भागातल्या अर्ध्याअधिक रोग्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरसाहेब त्यांची नजर या चित्रावर तपासत. रोग्याला स्टुलावर बसवायचं, लोखंडी चौकटीत जाड भिंग घालून डोळ्यांवर चढवायचं आणि विचारायचं, “बोलो, क्या दिखता?” आधी नदी, मग पूल, मग घुमट, मग पुलावरचा माणूस. ज्याला कुत्रं दिसलं त्याचा डोळा उत्तम. कोहिनूर गावापासून उदगीरपर्यंतच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी पुन्हा जग पाहिलं ते या गावापासून.

पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान संपलं. त्याच्या आधी रझाकारांनी आमच्या लोकांची घरं जाळली होती, आणि नंतरच्या आठवड्यांत जमावांनी मुसलमानांना गाठून गाठून मारलं. दोन्ही गोष्टी आमच्याच रस्त्यांवर घडल्या. डॉक्टरसाहेबांचा दवाखाना लुटला गेला. कपाटं, खाटा, हत्यारं गेली. चित्र अंगणात पालथं पडलेलं सापडलं. आणि त्यांचा धाकटा भाऊ नाहीसा झाला. तो माझ्या माहेरच्या गावात शाळामास्तर होता. आमचं गाव मंठाळच्या अंगाला, भालकीपासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. मास्तरचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. तो कराचीला निघून गेला असावा, असं डॉक्टरसाहेबांच्या बेगम धरून चालल्या होत्या. पोस्टमन गल्लीत शिरला की त्या पडद्यामागं येऊन उभ्या राहत.

दवाखाना पुन्हा सुरू झाला तरी खेड्यांतून माणसं यायची थांबली. काहींना भीती वाटत होती, काहींना लाज.

तीनेक वर्षांनी माझ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. आमचं घर लिंगायत, शेतीवर जगणारं; अशा शेतकऱ्याला मुसलमान मंडळी मानानं ‘पटेल’ म्हणत. अप्पा कमी बोलणारे, कामात बुडालेले. डोळे गेले तेव्हा ते बांधावर ठेचकाळायला लागले, बैलांच्या अंगावर हात फिरवून कुठला कोणता ते ओळखायला लागले. आईनं सोलापूरला जायचं काढलं. अप्पा म्हणाले, “भालकीलाच जायचं.”

गावात हे कळल्यावर लोक घरी आले. चुलते म्हणाले, “अण्णा, येडं लागलंय का तुमाला? त्याचा भाऊ आपल्या गावातून गेलाय. त्यो तुमचा डोळा नीट करंल व्हय? काढून घिईल.”

“घिऊ दे,” अप्पा म्हणाले.

हे मला आईनं नंतर सांगितलं. मी अप्पांना दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी गावाचं नाव विचारलं. अप्पांनी सांगितलं. डॉक्टरसाहेबांचा हात कागदावर थांबला. मग त्यांनी नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, “डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय पटेल. आधी तो करू. उजव्याला थोडा वेळ आहे.”

त्या काळी ऑपरेशननंतर रोग्याला आठ-दहा दिवस उताणं निजवून ठेवत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मान हलवायची नाही, जोरानं बोलायचं नाही, खोकायचं नाही. आमचे मालक बाजारात भुसार दुकान चालवत. ते दुकानाकडं गेले की मी अप्पांसाठी पातळ भात आणि कढी घेऊन दवाखान्यात जाई आणि दुपारभर खाटेशी बसे. खाट तपासणीच्या खोलीतच, चित्राच्या बाजूच्या भिंतीला होती. दुसरे रोगी कमीच येत.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांचा चेहरा पिवळट पडलेला, ओठ सुकलेले.

“दुखायलंय का अप्पा?”

“न्हाई. बाई, इथं भिंतीवर काय चित्र हाय म्हणं. सांग बरं मला.”

मला बरं वाटलं. वेळ जाईना म्हणून विचारतायत असं वाटलं. मी सांगत गेले. ते एकेक खोदून विचारत.

“नदी कुण्या अंगानं येती?”

“उजवीकडून. पुलाखालून डावीकडं जाती.”

“बाया कुठं बसल्यात?”

“पुलाच्या डाव्या अंगाला. दोघी वाकल्यात, एक पिळायलीय.”

“गुरं न्हाईत?”

“एक बी न्हाई.”

“मग शेती कशानं करत्यात?” ते म्हणाले, आणि मग, “माणूस गाडी कोण्या हातानं ढकलायलाय?”

“दोन्ही हातांनी अप्पा. हातगाडी हाय.”

असं रोज चाललं. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत मीच त्या गावात इतकी फिरले की डोळे मिटून सांगू शकले असते. कोणत्या घराचं छप्पर तांबडं, कोणत्याचं राखी, कोणत्या धुराड्याचा धूर सरळ वर गेलाय. भालकीच्या पुढचं जग मी तोवर पाहिलं नव्हतं. अप्पांना सांगता सांगता मला त्याची गोडी लागली होती. मध्ये, पाचव्या दिवशी, डॉक्टरसाहेबांनी पट्टी बदलली, पण डोळा उघडू दिला नाही.

दहाव्या दिवशी पट्टी कायमची निघाली. सकाळचे दहा वाजले असतील. डॉक्टरसाहेबांनी अप्पांना स्टुलावर बसवलं, खिडकी लावली, कपाळावरचा आरसा खाली ओढला आणि दिव्याच्या उजेडात डोळ्यात पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग खिडकी उघडली, भिंगाची चौकट अप्पांच्या नाकावर चढवली आणि नेहमीसारखं म्हणाले, “बोलो पटेल, क्या दिखता?”

“नदी दिसायलीय,” अप्पा म्हणाले. “पूल हाय. तीन कमानी. वर कांद्यावानी घुमट. मागं पांढरे डोंगर.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर तोंडाला लावला.

“और?”

“पुलावर माणूस हाय. मागं कुत्रं हाय.”

डॉक्टरसाहेब उठले. दोन पावलं चालून ते भिंतीला पाठ लावून, चित्राच्या बरोबर पुढं उभे राहिले. आता अप्पांच्या समोर त्यांचा पांढरा कोट होता, दुसरं काही नाही.

“पुलाच्या डाव्या बाजूला?” त्यांनी हळूच विचारलं.

“बाया हाईत. धुणं धुयाल्यात,” अप्पा म्हणाले. “दोघी वाकल्यात. एक पिळायलीय.”

मी डॉक्टरसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी मला बोटानं गप्प राहायला सांगितलं. मग स्टुलाशी आले, भिंगाची चौकट काढली आणि अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“डोळ्यात रक्त उतरलंय पटेल. हा डोळा गेला. केव्हा झालं?”

अप्पा मांडीवरचं धोतर चाचपत राहिले.

“मैं पूछता हूँ, कब हुआ?”

“तिसऱ्या दिशी,” अप्पा म्हणाले. “पहाटं खोकला आला. आत काही तरी तुटल्यावानी झालं. लई दुखलं.”

“आणि सांगितलं नाही?” डॉक्टरसाहेबांचा आवाज चढला. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच एकदा पाहिलं. “त्या दिवशी कळलं असतं तर काही तरी करून पाहिलं असतं! वाचला असता का ते ठाऊक नाही, पण माझं काम होतं ते! कायको छुपाए?”

“गावात गेल्यावर लोक म्हणतील, डाक्टरनं सूड घेतला,” अप्पा म्हणाले. “एकदा असं झालं की तुमच्याकडं कोणी यायचं न्हाई. म्या म्हणलं, दिसतंय म्हणावं. चालता येतंय मला. एवढं कोण बघायलंय?”

डॉक्टरसाहेब खाली बसले. खोलीत आम्ही तिघंच होतो. बाहेर कुणाचा तरी टांगा उभा होता आणि घोडा नाल आपटत होता.

“सूड कशाचा?” त्यांनी विचारलं. “माझा भाऊ कुठं गेला ते मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?”

अप्पांनी मान खाली घातली. मग त्यांनी सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दिवशी दुपारी बाहेरगावचा जमाव गावात शिरला. अप्पा आणि आई दार लावून आत बसले होते. कुणी तरी गल्लीतून पळत आलं आणि आमच्या दारावर थापा मारायला लागलं. “पटेल, मैं हूँ. मास्तर.” अप्पा उठले. अडसराला हात लावला. आईनं त्यांचा दंड धरला नव्हता, काही म्हणालीही नव्हती; ती नुसती पाहत होती. अडसर काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ अप्पा तसेच उभे राहिले. मास्तरनं आणखी दोनदा हाक मारली. मग पावलं ओढ्याकडं गेली.

“दुसऱ्या दिशी सकाळी ओढ्यात सापडला,” अप्पा म्हणाले. “म्या अन् आमचा गडी, दोघांनी उचलून आणला. माझ्या रानात, बांधाच्या कडंला जांभळीखाली पुरला. कोणाला सांगितलं न्हाई. भ्यालो. तुमाला सांगायला दोनदा भालकीला आलो. गल्लीच्या तोंडावरनं परत गेलो.”

डॉक्टरसाहेब उठून कोपऱ्यातल्या घंगाळाशी गेले आणि हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, ऑपरेशनच्या आधी धुवावेत तसे. मग टॉवेल तसाच हातात घेऊन ते आतल्या दारापाशी गेले आणि उर्दूत काही तरी बोलले. मला वाटलं, आता रडणं ऐकू येईल. ते आलं नाही.

पुष्कळ वेळानं पडदा हलला आणि बेगम बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी येत नसत. डोक्यावरून दुपट्टा घेतलेला, चेहरा उघडा. अप्पांना त्या दिसत नव्हत्या. मी अप्पांच्या कानाशी सांगितलं, “बेगमसाब आल्यात.”

अप्पा स्टुलावरून उठून उभे राहिले.

“पटेल,” त्या म्हणाल्या, “तोंड कुणीकडं करून ठेवलं त्याचं?”

“मावळतीकडं, अक्का,” अप्पा म्हणाले. “डोकं उत्तरंला, तोंड मावळतीला. तुमच्या कबरस्तानात बघितलं होतं मी. आमच्यात बी पुरत्यात, पण बसवून. तुमचं येगळं असतंय म्हणून तसंच केलं. नमाजाचं मला येत नव्हतं. म्हणून नुसतं हात जोडलं.”

बेगमनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या.

त्या दिवशी मी अप्पांना हाताला धरून घरी नेलं. मला त्यांचा राग आला होता आणि ठेच लागू नये म्हणून मी त्यांचा हात घट्टही धरला होता. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, हे मी माझ्या मालकांनाही सांगू शकले नाही. जेवताना मालकांनी विचारलं, “डोळा कसा हाय?” मी म्हणाले, “गेला.” ते म्हणाले, “मग आता?” मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

आठ दिवसांनी डॉक्टरसाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. उजवा डोळा तीन महिन्यांनी करायचा. अप्पांना गावी पाठवू नका, खोकला पूर्ण जाईपर्यंत इथंच ठेवा.

“नगं,” अप्पा म्हणाले. “त्यांच्यासमोर कोण्या तोंडानं बसू?”

मी तसं जाऊन सांगितलं. डॉक्टरसाहेब काही लिहीत होते. वर न पाहता म्हणाले, “बेटी, त्याला सांग, जांभळीचं झाड मला त्याच्याशिवाय कोण दाखवणार? मला आंधळ्याच्या मागं जायचं नाही.”

तीन महिन्यांनी अप्पा दवाखान्यात आले आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. याही वेळी दिवसा मी त्यांच्या खाटेशी बसले आणि खोकल्याचं औषध बेगम स्वतःच्या हातानं करून पाठवत होत्या. अडुळसा आणि ज्येष्ठमध असे त्यात. अप्पांनी चित्राबद्दल एकदाही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी आरशातून डोळा पाहिला आणि खिडकी उघडली. भिंग चढवलं. काही विचारलं नाही. अप्पा कितीतरी वेळ भिंतीकडं पाहत राहिले.

“हे असं हाय व्हय,” शेवटी ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “बाई, तू म्हणलीस तीन बाया. चौथी हाय की. पाण्यात उभी हाय, सावलीत.”

मी जवळ जाऊन पाहिलं. पुलाच्या कमानीच्या काळोखात, गुडघाभर पाण्यात, खरंच एक बाई होती. इतक्या दिवसांत ती मला दिसली नव्हती. डॉक्टरसाहेबांनाही ती ठाऊक होती की नाही, कोण जाणे. ते आपल्या चष्म्याच्या काचा पुसत होते.

ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, तेव्हा आम्ही गेलो. दोन बैलगाड्या, पुढच्या गाडीत अप्पा आणि डॉक्टरसाहेब, मागच्या गाडीत बेगम आणि मी. वाटेत बेगम माझ्याशी माझ्या घरच्या गोष्टी बोलत राहिल्या, पोरंबाळं कधी, सासू कशी आहे. गावाची वेस आली तसा त्यांनी दुपट्टा पुढं ओढला. लोक ओट्यांवर उभे होते. चुलते सामोरे आले नाहीत. शाळेतली चार-पाच पोरं, आता मोठी झालेली, मागं मागं चालत आली.

जांभळीखाली दोन हात जमीन सोडून अप्पांनी तीन वर्षं औत फिरवलं होतं. तिथं गवत माजलेलं होतं. डॉक्टरसाहेबांनी टोपी नीट केली आणि हात पसरून उभे राहिले. फातेहाची दुआ संपेपर्यंत अप्पा बांधावर अनवाणी उभे होते, नव्या चष्म्यातून सगळं पाहत. मागं आलेल्या पोरांपैकी एकानं पुढं होऊन गवत उपटायला सुरुवात केली. मग बाकीचीही बसली. त्यांना मास्तरनं उर्दूचं अलिफ-बे शिकवलं होतं.

अप्पांना माफ केलं असं डॉक्टरसाहेब कधी म्हणाले नाहीत, आणि अप्पांनी ते मागितलंही नाही. पण त्या वर्षापासून आमच्या भागातली माणसं पुन्हा भालकीला डोळे दाखवायला यायला लागली. चुलतेही आले. अप्पा स्वतः त्यांना घेऊन आले आणि आपला गेलेला डावा डोळा उघडून दाखवत म्हणाले, “ही माझी चूक हाय, त्यांची न्हाई.”

राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा भालकी म्हैसूर राज्यात गेली. बेगमची तब्येत उतरली होती आणि त्यांची बहीण हैदराबादला होती. डॉक्टरसाहेबांनी दवाखाना आवरला. चित्र रजईत गुंडाळून, सुतळीनं बांधून त्यांनी स्वतःच्या हातानं रेल्वेच्या डब्यात ठेवलं. मी स्टेशनवर गेले होते. अप्पा आले नाहीत. पेरणीचे दिवस होते. त्यांनी तुरीच्या डाळीचं गाठोडं पाठवलं होतं. बेगमनी ते मांडीवर घेतलं.

गाडी सुटायच्या आधी डॉक्टरसाहेबांनी मला खिडकीजवळ बोलावलं. मला वाटलं, काही तरी सांगतील. त्यांनी खिशातून औषधाची एक लहान बाटली काढून दिली.

“पटेलच्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन थेंब. चुलीच्या धुरात बसू देऊ नको. आणि उन्हातून आला की लगेच गार पाणी मारायचं नाही, सांग त्याला. ऐकणार नाही, तरी सांग.”

“सांगते,” मी म्हणाले.

गाडी बिदरच्या दिशेनं गेली. मी बाटली पदराच्या गाठीत बांधली आणि दुसऱ्याच दिवशी माहेरी जाणाऱ्या बैलगाडीत बसले.